शिवेचा दगड सरकवणारा देवचार : एका विनोदी प्रेम-एकांकिकेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दक्षिण सिंधुदुर्गातील एका हौशी नाट्यमंडळाने काही वर्षांपूर्वी एकांकिका स्पर्धेसाठी एक विनोदी प्रेमकथा बसवली. तिच्यातला प्रियकर गावाच्या शिवेवर रात्री पहारा देणारा देवचार होता आणि प्रेयसी नदीच्या डोहात राहणारी आसरा होती. म्हणजे दोघेही माणसे नव्हती आणि दोघांनाही मरण नव्हते. संहितेचा पहिला खर्डा तयार झाल्यावर मंडळाने मला मार्गदर्शक म्हणून बोलावले आणि त्यानंतरचे बहुतेक निर्णय माझ्यासमोर झाले. गाव, मंडळ आणि व्यक्ती यांची नावे वगळून, संबंधितांच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडत आहे. अमर पात्रांची प्रेमकथा लिहिताना कोणत्या जागी पाय अडखळतो, हे त्यातून बऱ्यापैकी स्पष्ट दिसते.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. देवचार म्हणजे भूत नव्हे; निदान त्या भागात त्याला तोंडावर कोणी भूत म्हणणार नाही. शिवेवरच्या एखाद्या जुन्या झाडाखाली किंवा नुसत्या दगडाच्या रूपात त्याचे स्थळ असते. खांद्यावर कांबळे, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पेटती चूड घेऊन तो रात्रभर गावाची राखण करत फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो आणि या राखणदारीच्या बदल्यात वर्षाकाठी रोट, नारळ, कोंबडा आणि विडी एवढ्यावर समाधान मानतो, अशी समजूत आहे. त्याच्याकडे काही मागायचे असेल तर गाऱ्हाणे घालावे लागते आणि गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ अशी साथ द्यायची असते.

आसरा मात्र महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. त्या सात बहिणी. विहीर, डोह, तळे अशा खोल पाण्याच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड दिसले की ते त्यांचे स्थान समजावे. हिरव्या बांगड्या, खण, नारळ, हळदकुंकू वाहून त्यांची ओटी भरतात, आणि अवेळी पाण्यावर जाणाऱ्या मुलांना त्यांचा धाक घालतात. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी अशी त्यांची नावे सांगितली जातात. मासोळी, कासवी, खेकडी, बेडकी आणि मगर एका घरात नांदतात म्हटल्यावर विनोदी लेखकाला निम्मे काम आयतेच मिळते. लेखिकेने नायिका म्हणून कर्कटीची निवड केली आणि देवचाराच्या तोंडी तिच्यासाठी ‘कुर्ले’ अशी हाक घातली; मालवणीत कुर्ली म्हणजे खेकडा. मालवणी माणसाला कुर्लीबद्दल वाटणारा जिव्हाळा लक्षात घेता ही हाक लाडाची होती, यात शंका नाही.

मंडळात शाळेत, बँकेत, एसटीत आणि सरकारी कार्यालयांत नोकरी करणारी माणसे होती. एक वयस्क नट दशावतारात अनेक वर्षे स्त्रीपार्ट करत आलेले होते. त्यांचा या प्रकरणातील वाटा मोठा आहे.

अडचण

पहिल्या खर्ड्याचे वाचन झाले तेव्हा सुरुवातीच्या पाच-सात मिनिटांत सगळे खळखळून हसले आणि पुढे हळूहळू शांत झाले. देवचार म्हणतो, ‘मी तुझी चारशे वर्षे वाट पाहिली’. आसरा म्हणते, ‘आणखी शंभर पाहा, मी केस विंचरते आहे.’ हा विनोद चांगला आहे, पण तो एकदाच चांगला आहे. खर्ड्यात तो वेगवेगळे आकडे घालून अनेकदा आला होता आणि दर वेळी त्याची धार कमी होत गेली. ज्याला मरण नाही त्याला उशीरही नाही. चारशे वर्षे वाट पाहण्याची त्याला काही किंमत मोजावी लागत नाही, आणि ज्या गोष्टीला किंमत नाही तिच्यावर प्रेक्षक एकदा हसतो, पण तिच्यात गुंतत नाही. माणसांच्या प्रेमकथेत वय, आईबाप, पैसा, आजार आणि मरण हे सगळे मिळून घाई निर्माण करतात. इथे ती घाईच नव्हती.

लेखिकेलाही ही उणीव जाणवली होती. तिच्यावर तिने शेवटी उपाय केला होता तो असा, की देवचार प्रेमापायी अमरत्व सोडतो, माणूस होतो आणि गावात रिक्षा चालवू लागतो. रिक्षाचा प्रसंग गमतीदार होता. पण अमर प्रियकराने मर्त्य व्हायचे, हा शेवट प्रेक्षकांनी इतक्यांदा पाहिलेला आहे, की पाहणाऱ्याला तो अर्ध्यावरच कळतो. शिवाय दोन अमरांची गोष्ट सांगायला घेऊन शेवटी एकाचे अमरत्व काढून टाकायचे, याचा अर्थ मूळ प्रश्न सोडवता आला नाही म्हणून तो पुसून टाकला, असाच होतो.

दुसरी अडचण गावातून आली. तालमी सुरू झाल्याचे कळल्यावर काही ज्येष्ठांनी विचारले, की राखणदाराला रंगमंचावर बाईच्या मागे फिरवणार का? त्याच सुमारास मंडळातील एका तरुण सभासदाने उलट्या बाजूने शंका काढली. देवचार आणि आसरा दाखवणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे होईल आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा त्रास होईल, असे त्याचे म्हणणे होते. ही शंका लवकर मिटली. तो कायदा भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणे, चमत्काराच्या नावाने लुबाडणे अशा प्रत्यक्ष कृत्यांसाठी आहे. रंगमंचावर देवचाराने प्रेमात पडणे त्यात बसत नाही. ज्येष्ठांचा प्रश्न मात्र इतका सोपा नव्हता, कारण तो कायद्याचा नसून शेजारधर्माचा होता.

विचारात घेतलेले पर्याय

पात्रेच बदलावीत, ही पहिली सूचना आली. देवचाराच्या जागी मुंजा आणि आसरेच्या जागी हडळ घेतली, तर कोणाच्या भावना दुखावण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. मुंज झालेला पण सोडमुंज होण्याआधीच मेलेला, पिंपळावर अडकलेला ब्रह्मचारी प्रेमात पडतो, या कल्पनेत विनोदही भरपूर आहे. पण मुंजा वयाने मुलगाच असतो आणि प्रेमकथेचा नायक म्हणून तो कोणालाच योग्य वाटला नाही. तो पर्याय तिथेच संपला. सात चिरंजीवांपैकी अश्वत्थामा घ्यावा, असे एकाने सुचवले. त्याच्या कपाळावरच्या जखमेला तेल मागत फिरण्याच्या कथा सगळ्यांना माहीत आहेत. पण ती जखम इतकी भळभळती आहे, की तिच्याभोवती रचलेला विनोद क्रूर वाटू लागतो.

दोघांपैकी एकाला मर्त्य करावे, हा पर्याय अधिक गंभीरपणे चर्चिला गेला. आपल्या परंपरेतली या प्रकारची सर्वांत जुनी गोष्ट म्हणजे पुरूरवा आणि उर्वशी यांची. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 95 वे सूक्त म्हणजे त्या दोघांचा संवाद आहे. तिथे अप्सरा निघून जाते आणि मर्त्य राजा तिची विनवणी करत राहतो. तिथला सगळा ताण एकाला मरण आहे आणि दुसरीला नाही, यातून येतो. हे नाट्य निर्विवाद आहे, पण ते शोकाकडे झुकते. मंडळाला विनोदी एकांकिका करायची होती आणि दोन्ही पात्रे अमर ठेवण्यातच तिचे वेगळेपण होते. पुढे उपयोगी पडलेली एक गोष्ट मात्र या चर्चेतून हाती लागली. शतपथ ब्राह्मणात येणाऱ्या उर्वशीच्या कथेत प्रेमाला अटी आहेत आणि अट मोडली की वियोग होतो. मरण नसले तरी अट असू शकते, ही खूण लेखिकेने आपल्या वहीत लिहून ठेवली.

गावाच्या हरकतीवर काय करावे, यासाठी दोन मार्ग समोर होते. काही सभासदांचे म्हणणे होते, की सरळ देवळात जाऊन कौल घ्यावा. देवाच्या दगडी मूर्तीला तांदूळ किंवा फुलांच्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि उजवीकडचे पडले की डावीकडचे, यावरून उत्तर समजायचे, ही पद्धत गावऱ्हाटीत, म्हणजे कोकणातल्या गावाच्या पारंपरिक देवस्थान-व्यवस्थेत, आजही पाळली जाते. कौल उजवा मिळाला की सगळ्यांची तोंडे बंद होतील, असा त्यामागचा हिशोब होता. दिग्दर्शकाने त्याला ठाम विरोध केला आणि मला त्याचे म्हणणे पटले. कौल डावा मिळाला, तर एकांकिका बंद करण्यावाचून गत्यंतर उरणार नव्हते. ज्या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर आपल्याला मानता येणार नाही, तो प्रश्न देवापुढे ठेवणे हा देवाचाही अपमान आणि आपलीही फसवणूक. दुसरा मार्ग असा होता, की हरकत घेणाऱ्या ज्येष्ठांनाच बोलावून त्यांच्यापुढे पूर्ण संहितेचे वाचन करावे.

वाचनाच्या बाजूने दिग्दर्शकाने आणखी एक मुद्दा मांडला. देवांच्या प्रेमाची आणि भांडणांची थट्टा करणे मराठी माणसाला नवे नाही. खंडोबाच्या संसारातील म्हाळसा आणि बाणाई यांची सवतीसवतींची भांडणे वाघ्या-मुरळी जागरणात रंगवून गातात. म्हाळसा गडावर खंडोबाजवळ असते आणि जेजुरीच्या गडाच्या वाटेवर बाणाईचे देऊळ वेगळे आहे. पंढरपुरात तर रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि तिची समजूत काढायला देव मागोमाग आला, अशी कथा आहे. तिचे देऊळही तिथे वेगळेच आहे. ही थट्टा आपल्या माणसाची केलेली असते, म्हणून ती चालते. देवचाराची थट्टा गावाने केली तर चालेल. गावाबाहेरच्या कोणी केलेली दिसली तर चालणार नाही. तेव्हा ही संहिता गावाची व्हायला हवी, असे त्याचे म्हणणे होते.

निर्णय आणि कृती

वाचन एका मानकऱ्याच्या घरी, पडवीत झाले. संध्याकाळी आलेली मंडळी सुरुवातीला घुम्यासारखी बसली होती. आसरेच्या बहिणी ओटीच्या खणांवरून भांडतात, तिथे एक म्हातारी हसली आणि मग वातावरण सैल झाले. वाचन संपल्यावर सर्वांत ज्येष्ठ मानकरी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले, ते लेखिकेने शब्दशः टिपून घेतले : “देवचार प्रेमात पडलो तर पडांदे. पण तो शीव सोडून गेलो, तर रातचो गाव कोण राखतलो?”

माझ्या मते हे या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. त्यांची हरकत प्रेमाला नव्हतीच. ती पहिल्या खर्ड्याच्या शेवटाला होती. आम्ही ज्याला भावनेचा प्रश्न समजत होतो, तो त्यांच्या दृष्टीने कामाचा प्रश्न होता. राखणदार नोकरी सोडून रिक्षा चालवायला लागला, याचे त्यांना हसू आले नाही, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे राखणीविना उरलेला गाव उभा राहिला. आणि नेमकी हीच गोष्ट संहितेत नव्हती. देवचाराला मरण नाही, पण त्याला शीव आहे. आसरेलाही मरण नाही, पण तिला पाण्याबाहेर येता येत नाही. उर्वशीच्या कथेतून वहीत उतरलेली ‘अट’ आता सापडली. ती कोणाला बाहेरून शोधून आणावी लागली नाही, कारण लोकसमजुतीत ती आधीपासून होतीच.

याच बैठकीत ज्येष्ठांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिल्या खर्ड्यात देवचाराच्या पायांत प्रचंड मोठ्या वहाणा होत्या. त्या काढाव्यात, कारण वहाणांचा मान वेतोबाचा. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठाले चामडी जोड आणि केळ्यांचे घड वाहतात, कारण तो रात्री फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. एका देवाचा मान दुसऱ्याच्या पायांत घालू नये, हे म्हणणे लेखिकेने ताबडतोब मान्य केले. दुसरी गोष्ट अधिक जड गेली. एका प्रसंगात गाऱ्हाण्याचे विडंबन होते आणि त्यावर हमखास हशा मिळणार होता. गाऱ्हाणे खऱ्या देवाला उद्देशून असते, तेव्हा रंगमंचावर ते पूर्ण घालू नये, असे मानकऱ्यांनी सुचवले. मालवणी नाटकांत असे विडंबन अनेकदा झालेले आहे आणि प्रेक्षकांना ते आवडते, असा युक्तिवाद करता आला असता. दिग्दर्शकाने तो केला नाही. एक हशा सोडून गावाचा विश्वास मिळवणे त्याला परवडण्यासारखे वाटले.

यानंतर संहितेची नव्याने बांधणी झाली. शिवेच्या अडचणीतून गोष्ट कशी पुढे न्यायची, यावर चर्चा अडली असताना भूमी अभिलेख कार्यालयात नोकरी करणाऱ्या एका सभासदाने अर्धवट थट्टेत विचारले, की देवचाराला शीव ओलांडता येत नसेल तर तो शीवच का सरकवत नाही? आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी त्याच असतात, असेही त्याने वर सांगितले. त्या प्रश्नातून नवे कथानक उभे राहिले.

डोह शेजारच्या गावात, शिवेपासून एकशेवीस हातांवर आहे. पावसाळ्यात नदीला पूर आला की पाणी शिवेपर्यंत चढते आणि त्या मोजक्या रात्री देवचार आणि कर्कटी यांची भेट होते. पूर ओसरला की ती डोहात आणि हा शिवेवर. भेटीची ही चार रात्रींची चंगळ पुरेनाशी झाल्यावर देवचार दर पावसाळ्यात शिवेचा दगड दोन हात पुढे सरकवू लागतो. गावाच्या हद्दीचा राखणदारच हद्द चोरू लागतो, आणि तीही इतक्या सावकाश, की माणसांच्या पिढीला पत्ता लागू नये. साठाव्या पावसाळ्यात दगड डोहाच्या काठावर पोचतो. तोवर दिवसा दोन गावांत भांडण पेटलेले असते, मोजणी मागवलेली असते आणि भूकरमापक हैराण झालेला असतो, कारण साखळीच्या काळापासून जीपीएसच्या काळापर्यंत हा दगड कोणत्याही दोन मोजण्यांत एका जागी सापडलेला नाही. सहाही बहिणी धाकटीच्या मागे लागलेल्या असतात, कारण ती गेली तर ‘साती आसरा’ म्हणवून घ्यायचे कसे, हा त्यांचा प्रश्न असतो. शेवटी शेजारच्या गावचा देवचार चोरी पकडतो आणि निवाडा देतो, की दगड ज्या गतीने पुढे आणला त्याच गतीने, दर पावसाळ्यात दोन हात, मागे नेऊन ठेवावा. प्रियकर-प्रेयसी हिशोब करतात. “म्हणजे साठ वर्सां,” देवचार म्हणतो. त्यावर कर्कटी विचारते, “इतकीच?”

पहिल्या खर्ड्यात चारशे वर्षे हा नुसता फुगवलेला आकडा होता. इथे साठ वर्षे कमी पडतात, कारण त्यांतल्या प्रत्येक वर्षी दोघांमधले अंतर दोन हातांनी वाढणार आहे. काळाला किंमत आली, आणि कोणाचे अमरत्व काढूनही घ्यावे लागले नाही. सरकारी दप्तर दोन अमर जीवांच्या आड येते, यात विनोदही राहिला. हा शेवट ठरला तेव्हा लेखिकेने रिक्षाचा प्रसंग स्वतः होऊन फाडला. तिला त्याचे वाईट वाटले असणार, कारण तो तिचा सर्वांत आवडता प्रसंग होता.

बसवण्यातील निर्णय

सहा बहिणी रंगमंचावर आणायला तेवढ्या अभिनेत्री मंडळाकडे नव्हत्या. सगळ्या पुरुषांनी स्त्रीवेष करावा, असे एकदा ठरले आणि तालमीत ते फार्साकडे घसरू लागल्यावर सोडून दिले. दशावतारी नटांनी एकट्याने थोरली बहीण, मकरी, करावी आणि उरलेल्या पाच जणी विंगेतून फक्त बांगड्यांच्या आवाजाने ‘बोलाव्यात’, असे शेवटी ठरले. थोरली काही बोलली, की पडद्यामागून काचेच्या बांगड्या किणकिणत. नाराजी असेल तर आवाज तुटक, संमती असेल तर लांब. थोडा सराव झाल्यावर प्रत्येक बहिणीचा स्वभावसुद्धा आवाजावरून ओळखू येऊ लागला. नेपथ्य म्हणून एकच बाकडे ठेवले. दशावतारात बाकडे सिंहासन होते आणि रथही होतो. इथे ते शीव झाले आणि दर प्रसंगात थोडे थोडे डावीकडे सरकत गेले.

नाट्यगृहात पेटती चूड आणि विडी यांना परवानगी नव्हती. चुडीच्या जागी झावळ्यांत बांधलेला विजेरीचा दिवा आला. विडीची अडचण मात्र फायद्याची ठरली. देवचाराची आगपेटी सतत सादळलेली असते, कारण कर्कटी जवळ आली की हवाच ओली होते. त्यामुळे तो एकांकिकाभर एकच विडी पेटवायचा प्रयत्न करतो आणि ती शेवटपर्यंत पेटत नाही. कागदावर हा धागा नव्हता. तो नियमातून आला आणि पात्राला चिकटला.

खरा पेच दशावतारी नटांच्या पद्धतीमुळे निर्माण झाला. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. नट उभ्या उभ्या रचतो आणि रंगला की वाढवतो. स्पर्धेत वेळेचे बंधन होते. शिवाय सार्वजनिक प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि मिळते ते पाठवलेल्या संहितेपुरतेच. तालमीत थोरली रोज नवे बोलत होती आणि रोज चांगले बोलत होती. दिग्दर्शकाने मध्यम मार्ग काढला. काही दिवस नटांना मोकळे सोडायचे, लेखिकेने जे उत्तम असेल ते टिपून संहितेत घालायचे आणि संहिता पाठवल्यावर दार बंद करायचे. नटांनी हे तत्त्वतः मान्य केले.

परिणाम

स्पर्धेत एकांकिकेला सांघिक पारितोषिक मिळाले नाही. थोरलीच्या भूमिकेचे परीक्षकांनी कौतुक केले. वेळ मात्र मर्यादेच्या अगदी काठावर गेली होती, कारण बंद केलेले दार थोरलीने प्रयोगात किंचित उघडलेच. परीक्षकांपैकी एकाने असे मत दिले, की बांगड्यांच्या आवाजाची योजना कल्पक आहे, पण साती आसरा माहीत नसलेल्या प्रेक्षकाला ती उशिरा कळते. मला हे मत रास्त वाटले. सभागृहात पहिल्या किणकिणाटाला कोणी हसले नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला हशा आला. ‘इतकीच?’ या शेवटच्या शब्दावर मात्र आधी हशा आला आणि मग तो मध्येच थांबला. शेवटाकडून मंडळाला जे हवे होते, ते एवढेच होते.

त्यानंतर जत्रेच्या दिवसांत गावात प्रयोग झाला आणि तिथे हशाच्या जागा पूर्ण वेगळ्या निघाल्या. भूकरमापकाच्या प्रत्येक वाक्यावर लोक हसत होते, कारण प्रेक्षकांतील बहुतेकांच्या घरी मोजणीचा एखादा तरी वाद होता. देवचार थोरलीपुढे हात जोडून कर्कटीसाठी विनवणी करतो, त्या प्रसंगात मागून कोणीतरी ‘व्हय म्हाराजा’ असा आवाज दिला आणि पुढच्या प्रत्येक वाक्याला सगळा मांडव तेच म्हणू लागला. म्हणजे ज्येष्ठांच्या विनंतीवरून काढलेले गाऱ्हाणे प्रेक्षकांनीच परत घातले. मानकरी पुढच्या रांगेत होते. त्यांनी हरकत घेतली नाही. ते स्वतः म्हणत होते की नाही, याबद्दल मंडळात दोन मते आहेत.

वेगळे काय करता आले असते

ज्येष्ठांपुढचे वाचन फार उशिरा झाले. हरकत आली म्हणून ते झाले. हरकत आली नसती, तर रिक्षाचाच शेवट घेऊन मंडळ स्पर्धेला गेले असते. लोकसमजुतीतील पात्रे घेणाऱ्या लेखकाने ती समजूत पाळणाऱ्यांकडे पहिल्या खर्ड्याच्या आधी जाणे सोयीचे पडते. त्यात परवानगीपेक्षा माहितीचा लाभ मोठा आहे. देवचार काय करू शकत नाही, हे मानकऱ्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा नेमके ठाऊक होते, आणि अमर पात्राच्या गोष्टीत जे करता येत नाही तेच कथानकाला पुढे ढकलते.

संहितेतील सर्वांत मोठी उणीव माझ्या दृष्टीने कर्कटीच्या बाजूला राहिली. शीव देवचार सरकवतो, चोरी तो करतो, शिक्षा त्याला होते. ती वाट पाहते आणि शेवटी एक उत्तम शब्द बोलते. तिची अट, म्हणजे पाणी न सोडणे, कथेत आहे, पण ती अट कधी ताणली जात नाही. सातांतून एक वजा झाली तर साती आसरा उरत नाहीत, हा मुद्दा बहिणींच्या भांडणात विनोद म्हणून आला आणि तिथेच थांबला. त्यातून कर्कटीला स्वतःचा निर्णय घ्यावा लागला असता : बहिणींचे नाव राखायचे, की पुराच्या रात्री पाणी ओसरू लागल्यावर मागे परतायचे नाही. गावच्या प्रयोगानंतर हा मुद्दा एका तरुण प्रेक्षक मुलीने लेखिकेला विचारला. “दगड तो सरकवता, मगे ती काय करता?” या प्रश्नाला लेखिकेकडे तेव्हा उत्तर नव्हते.

भाषेचा प्रश्नही अर्धवट सुटला. शिवेवरची दोन पात्रे मालवणीत आणि दिवसाची माणसे प्रमाण मराठीत बोलतात, अशी योजना होती. स्पर्धेच्या प्रेक्षकांसाठी मालवणी थोडी सौम्य केली आणि गावात ती पुन्हा मूळ रूपात आणली. परिनिरीक्षणासाठी पाठवलेल्या संहितेशी हे जुळते का, याचा विचार कोणीही वेळेवर केला नाही. यापुढे दोन्ही पाठ आधीच एकत्र पाठवावेत, असे मंडळाने ठरवले आहे.

एकांकिकेचे दोन अंकी नाटक करावे, असा आग्रह सध्या मंडळात चालू आहे. दगड मागे नेण्याची साठ वर्षे दुसऱ्या अंकात दाखवायची, अशी दिग्दर्शकाची कल्पना आहे. मी लेखिकेला तसे न करण्याचा सल्ला दिला आहे, कारण ‘इतकीच?’ नंतर ती वर्षे दाखवली तर त्या शब्दाचा भार हलका होईल. दुसरा अंक हवाच असेल, तर तो पहिल्याच्या आधीचा असावा आणि डोहातला असावा. सात बहिणींचा संसार, ओटीच्या खणांचा हिशोब आणि पुराच्या पहिल्या रात्री कर्कटी शिवेपर्यंत का गेली, हे सगळे अजून लिहायचे आहे. लेखिकेने त्यावर काम सुरू केले आहे आणि या वेळी तिने पहिले पान लिहिण्याआधी पडवीत बसणाऱ्या त्या म्हातारीची भेट घेतली आहे, जी खणांच्या भांडणावर सर्वांत आधी हसली होती.